घरातला स्टुडिओ (भाग ७) : लॅपटॉपमधला व्हायोलिनचा ताफा

२०१६ साली आलेल्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला. गावच्या गोष्टीमागे तंतुवाद्यांचा तो लोंढा मराठी प्रेक्षकाने थिएटरात बसून ऐकला. तसं काही आपल्या गाण्यात असावं, असं खानदेशातल्या भडगावात अहिराणी गाणं बांधणाऱ्यालाही वाटणारच. त्याच्याजवळ असतो एक लॅपटॉप, एक मिडी कीबोर्ड आणि हेडफोन. त्यावर ऑर्केस्ट्रा आणायचा मार्ग म्हणजे सॅम्पल लायब्ररी: खऱ्या वादकांकडून एकेक सूर वाजवून घेऊन साठवलेला संच.

या संचांच्या किमती शून्यापासून लाखाच्या घरात जातात. म्हणून आधी पाहायचं ते इथे काय नाही हे. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट खानदेशातल्या लग्नाच्या बँडमध्ये वाजतात, तेही फुप्फुसात दम असलेल्या माणसांकडून. बासरीवाला, ढोलकीवाला मिळतो. मिळत नाही तो पंधरा-वीस व्हायोलिनांचा आणि त्यांच्याखाली चेलोंचा ताफा. तेव्हा स्वस्त लायब्ररी पारखायची ती तंतुवाद्यांवरून, बाकीचं दुय्यम.

सुरुवातीला स्पिटफायर ऑडिओची ‘बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर’ घ्यावी. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत बीबीसीच्या वादकांनी वाजवलेल्या सुरांची ही सर्वांत लहान आवृत्ती. २०२० मध्ये ती आली तेव्हा फॉर्म भरून दोन आठवडे थांबलं तर फुकट आणि लगेच हवी तर ४९ डॉलर, अशी सोय होती. आता मोफत मिळते. आकार २०० एमबीच्या आसपास, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही उतरवता येईल. याच संचाची सर्वांत मोठी, ‘प्रोफेशनल’ आवृत्ती सुमारे ६०० जीबी जागा खाते! तिच्यात वेगवेगळ्या माइकचे आवाज आणि वादनाचे कितीतरी अधिक प्रकार आहेत, पण ती पेलणारी रॅम आणि एसएसडी आधी लागते.

दुसरा मोफत पर्याय ‘व्हर्च्युअल प्लेइंग ऑर्केस्ट्रा’. स्फोर्झांडो या फुकट प्लेअरवर ती चालते. मात्र ती निरनिराळ्या मोफत संचांतून गोळा केलेली असल्यामुळे वाद्यं एकाच दालनात बसल्यासारखी वाटत नाहीत; रिव्हर्ब घालून त्यांना जवळ आणावं लागतं. एका दालनाचा एकसंध आवाज हा डिस्कव्हरचा मोठाच गुण आहे.

पैसे मोजायची वेळ आली की डेमो गाण्यांना भुलू नये, ती कसलेल्या हातांनी केलेली असतात. आखूड सूर भराभर आठ वेळा वाजवलेला ऐकावा. प्रत्येक वेळी हुबेहूब तोच आवाज आला तर मशीनगन चालल्यासारखं वाटतं. चांगल्या संचात एकाच सुराची चार-पाच निरनिराळी ध्वनिमुद्रणं आलटून पालटून वाजतात. मग लांब सूर धरून कीबोर्डवरचं मॉड व्हील सावकाश वर न्यावं: नुसता आवाज मोठा होतो की गजाचा दाब वाढल्यासारखा त्याचा पोतही बदलतो?

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ही खरी अडचण. कानबाई देवीच्या गाण्याची चाल व्हायोलिनच्या ताफ्याला दिली की प्रत्येक सूर सुटा, कोरडा पडतो. लिगॅटो असलेली लायब्ररी सुरांमधली जोडणी वाजवते, पण पाश्चात्त्य पद्धतीने. आपली लांब घसर तिला सहसा येत नाही. पिच बेंडने ताफा ओढला तर तो रबरासारखा ताणला जातो. म्हणून चाल बासरीला किंवा एखाद्या खऱ्या व्हायोलिनवाल्याला द्यावी आणि ताफ्याला खाली लांब सुरांचा आधार धरायला लावावा. तिथे डिस्कव्हरसुद्धा उत्तम काम देते.

एक फसगत मात्र टाळावी. कोन्टॅक्ट या सॅम्पलरसाठीच्या पुष्कळ स्वस्त लायब्रऱ्यांना मोफत कोन्टॅक्ट प्लेअर पुरत नाही. पूर्ण कोन्टॅक्ट विकत घ्यावं लागतं आणि ते बहुतेक वेळा लायब्ररीहून महाग पडतं. ‘फुल कोन्टॅक्ट’ची अट विक्रीच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेली असू शकते. ती वाचावी आणि नोव्हेंबरअखेरच्या सवलतींपर्यंत थांबावं, कारण तेव्हा या बाजारात किमती बऱ्याच उतरतात.