वऱ्हाडचा कापूस आणि मुंबईची जलवाट
अकोला-अमरावतीच्या बाजारांतील कापूस एकोणिसाव्या शतकात आगगाडीने मुंबईस जाऊन पुढे विलायतेस रवाना होऊ लागला, तरी त्या बंदरात जहाज नेमके कोणत्या वाटेने शिरते, याची चौकशी करण्याचे प्रयोजन वऱ्हाडी माणसास क्वचितच पडले असेल. वरून अथांग भासणाऱ्या त्या पाण्याखाली खडक व गाळ असल्यामुळे, मोठ्या जहाजांस गाळ उपसून खोल राखलेल्या एका अरुंद पट्ट्यातूनच जावे लागते. खांदेरीचा १८६७ चा आणि कुलाब्यापलीकडील प्राँग्स खडकावरील १८७५ चा दीपस्तंभ किनाऱ्याची ओळख पटवितात. परंतु वाटेच्या कडा दाखवितात ते तरंगते बोये, आणि बंदरात शिरताना डाव्या हातास तांबडा व उजव्या हातास हिरवा, असा त्यांचा दस्तूर आहे. (अमेरिकेत नेमके याच्या उलट!) भरती-ओहोटी व स्थानिक प्रवाह जाणणारा बंदराचा पायलट जहाजावर चढून मार्ग सांगतो, तथापि अखेरची जबाबदारी कप्तानाचीच राहते.

इतका बंदोबस्त असूनही ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ ही जहाजे परस्परांवर आदळली, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, आणि मुंबई व न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची मुख्य जलवाट सामाईक असल्याने, समुद्रतळाची तपासणी होईपर्यंत दोहोंचीही वाहतूक काही दिवस खोळंबली.