रुळाकाठचा माठ

राजगिऱ्याची चिक्की विकणारा पोरगा डब्यात पुढे सरकला आणि त्याच क्षणी खिडकीबाहेरून लाल माठाचा वाफा मागे गेला. दोघं एकाच कुळातले. दाण्याचा राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला, पानांचा माठ आपल्या आशियातला. तरी उपासाला मान मिळाला तो पाहुण्यालाच. दिवा ते डोंबिवली हा लाल पट्टा मी वर्षानुवर्षं बघत आले होते. एप्रिलमध्ये एकदा चाळीमागच्या पायवाटेने तिथे गेलेच.

'अधिक धान्य पिकवा' ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली हाक. तेच नाव घेऊन रेल्वेने रुळांलगतच्या मोकळ्या जमिनी आपल्या कर्मचाऱ्यांना भाजीसाठी भाड्याने दिल्या. जागा ज्याच्या नावावर तो मला भेटला नाही. भेटला तो कसणारा, पन्नाशीचा, डोक्याला ओला गमछा.

"पचीस दिन," तो म्हणाला. पालकाचं विचारलं, मुळ्याचं विचारलं, तरी गाडी फिरून माठावरच. पेरल्यापासून पंचवीस दिवसांत जुडी. बी खसखशीएवढं, काळं, चकचकीत. नुसतं फोकलं तर एकाच जागी पडतं, म्हणून मूठभर बियांत चार मुठी रेती. पुढे पाणी, खुरपणी, उपटणी.

पाणी मात्र बघत राहावं असं. नाल्यालगत खणलेला खड्डा, त्यात दोन झाऱ्या एकदम बुडवायच्या आणि अनवाणी पळतच वाफ्यापर्यंत यायचं. वास सांगायला नको. डोंबिवलीकरांना तो डोळे मिटूनही स्टेशन सांगतो. धुळीने, चिखलाने माखलेलं पान धुतलं की स्वच्छ होतं. पण पाण्यात जड धातू असतील, तर पालेभाजी ते मुळातून ओढून घेते. तिथे नळाचं काही चालत नाही. हे मी त्याला सांगायला गेले होते. त्याने झारी खाली ठेवली, नाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हमारे घर का पानी तो नहीं है ये, दीदी."

खरंच होतं. नाल्यातलं पाणी आमचंच.

तेवढ्यात फास्ट लोकल गेली. वाऱ्याने अख्खा वाफा एका अंगावर झोपला, पानांच्या फिक्या जांभळ्या पाठी क्षणभर दिसल्या आणि सगळी रोपं पुन्हा उभी. त्याने मान वर केली नाही. मला मात्र तो वाफा अजून तसाच झोपताना दिसतो.

गणपतीच्या आदल्या दिवशी परत गेले. झाऱ्या पालथ्या पडल्या होत्या, पावसाने त्यांचं काम उचललेलं. एका कोपऱ्यातला माठ त्याने उपटलाच नव्हता. कमरेच्या वर गेलेला, देठ अंगठ्याएवढे. पंचवीस दिवसांचं गणित इथे मोडलेलं. "गणपती के लिए. आप लोग डंडी खाते हो ना?"

खातो. ऋषीच्या भाजीत अळू, भोपळा, मक्याचं कणीस, सुरण असतं, पण सोललेल्या माठाच्या देठीशिवाय आमच्या आईला ती भाजी वाटतच नाही. ऋषिपंचमीच्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नियम मी त्याला समजावला. तो हसतच सुटला. "बैल? यहाँ?" आणि दोन्ही तळवे पुढे केले. कुदळीने पडलेले घट्टे पिवळे, टणक.

म्हणजे नियमात बसणारी भाजी शोधत लोक गावाकडे जातात, आणि ती इथे, रुळांच्या काठाला. ऋषींनी पाण्याविषयी काही अट घातलेली नाही.

चार देठ आणि दोन जुड्या घेतल्या. पैसे घेताना त्याने हात गमछ्याला पुसले. शेजारचा वाफा नुकताच रेती मिसळून फोकलेला होता. "इसका पचीस दिन," तो बोटाने दाखवत म्हणाला.

घरी आईने देठ मोडून बघितला. कट्कन मोडला, दोरा निघाला, बोटं लाल झाली. "छान कोवळा आहे गं. कुठून आणलास?"

"स्टेशनजवळून," मी म्हटलं आणि पानं चौथ्यांदा धुवायला घेतली.