कवळ्याची शांतादुर्गा आणि तिचा घुमट

नवरात्रात आमच्या वैजापूर परिसरातील भाविक तुळजापूर-माहूरची वाट धरतात. गोमंतकातील कवळ्याकडे पाऊल वळते ते एखाद्याचेच. पण जो जातो, तो मंदिरासमोर थबकतो. शिखराच्या जागी घुमट, अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या, भिंतीत गुंफलेले अर्धस्तंभ! हे देवालय की चर्च, असे आम्हांस अनेकांनी विचारले आहे, आणि त्या विचारण्यात थोडी तक्रारही असते. वेरूळच्या घृष्णेश्वराचे शिखर पाहत वाढलेल्या डोळ्यांना हे खटकावे, यात नवल नाही.

परंतु पूर्ववृत्त ऐकावे. देवीचे मूळ स्थान सासष्टीतील केळोशी. 1560 च्या दशकात पोर्तुगीजांनी तेथील देवालये पाडली, तेव्हा भक्तांनी देवीला जुवारी नदीपलीकडे, पोर्तुगीज अंमलाबाहेरील अंत्रुज महालात आणले. कुठ्ठाळीचा मंगेशही असाच प्रियोळास आला. आजचे मंदिर छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभे राहून 1738 च्या सुमारास पूर्ण झाले.

म्हणजे मध्ये सुमारे पावणेदोनशे वर्षे लोटली होती. तेवढ्या काळात गोव्याचे गवंडी काय बांधीत होते? 1605 साली पूर्ण झालेल्या बॉम जेझुससारखी चर्चे. रोममध्ये जन्मलेली आणि स्पेन-पोर्तुगालच्या लहानसहान गावांतूनही रुजलेली ‘बरोक’ शैली त्यांच्या हातांत बसली होती. घुमट तर विजापूरच्या आदिलशाहीलाही परका नव्हता. ज्यांनी देवीला गाव सोडावयास लावले, त्यांच्याच दरबारी वाढलेली कला देवीच्या सेवेस लागली. आम्हांस यात विटाळ दिसत नाही, देवीचा विजयच दिसतो.

शास्त्र कोठे मोडले आहे? गर्भगृह आहे, सभामंडप आहे, प्रदक्षिणा आहे. पुढे दीपस्तंभ आणि तळी आहे. बदलले ते वस्त्र. शिवाय शिव आणि विष्णू यांच्यातील युद्ध शमविणारी म्हणून जिची ख्याती, तिच्या छताखाली दोन परंपरा नांदाव्यात, हे तिच्या स्वभावास धरूनच आहे.

दर्शन झाल्यावर लगेच प्रसादाच्या रांगेकडे धावू नये. दीपस्तंभापाशी उभे राहून मान वर करावी, घुमटाखालच्या कमानी आणि त्यावरील कळस एकाच दृष्टीत पाहावेत. मग सभामंडपात येऊन हंड्या-झुंबरांखाली घटकाभर बसावे.