शंभराच्या नोटांचं एक पुडकं

शंभराच्या शंभर नोटा म्हणजे दहा हजार रुपये. पुडक्याची जाडी सेंटिमीटरभर धरू. १९७८ साली बंगळुरूत पंचवीस वर्षांच्या किरण मजुमदार यांनी बायोकॉन काढली ती एवढ्याच भांडवलावर, भाड्याच्या गॅरेजमध्ये. २००४च्या एप्रिलमध्ये कंपनीच्या शेअरची नोंदणी झाली आणि पहिल्याच दिवशी तिचं बाजारमूल्य १११ कोटी डॉलरवर गेलं. त्या वेळच्या दराने साधारण ४,८०० कोटी रुपये. पुडक्यांत मोजलं तर ४८ लाख पुडकी. एकावर एक रचली तर ४८ किलोमीटर उंची, म्हणजे १,६४६ मीटरचं कळसूबाई एकोणतीस वेळा. मधल्या काळात धंद्यात आणखी पैसा आला, हे मान्य. तरी आकडा डोकं गरगरवणाराच.

गॅरेजात काय चालायचं? पपईच्या चिकापासून पपेन आणि माशाच्या वाताशयापासून आयझिंग्लास. पहिलं बिअर थंड झाल्यावर गढूळ होऊ देत नाही, दुसरं तिच्यातला गाळ खाली बसवतं. किरण मजुमदार ऑस्ट्रेलियातून मद्यनिर्मितीचं रीतसर शिक्षण घेऊन आल्या होत्या. पण बाईला ब्रूमास्टर म्हणून ठेवायला इथे कुणी तयार नव्हतं. मग एका आयरिश कंपनीशी भागीदारी झाली. तेव्हाच्या कायद्याने परक्या भागीदाराच्या वाट्यावर मर्यादा होती, म्हणून ७० टक्के त्यांच्याकडे राहिले. कर्ज मागायला गेल्या तर बँका कचरायच्या: वय लहान, धंदा अनोळखी, त्यात बाई. कामाला माणसं मिळवतानाही तीच रड.

दुसरं पुडकं पुण्याचं. १९८१ साली इन्फोसिस पुण्यात सुरू झाली ती सुधा मूर्तींनी साठवलेल्या दहा हजारांवर. टेल्कोच्या जाहिरातीतल्या ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ या अटीवर जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकून ती नोकरी मिळवणाऱ्या या इंजिनिअर. पैसा त्यांचा, पण सातही संस्थापक पुरुष. १९८३ साली कंपनी बंगळुरूला गेली. त्या सातांपैकी एन. एस. राघवन यांच्या देणगीतून आयआयएम बंगळुरूत उद्योजकतेचं केंद्र उभं राहिलं. आज तिथे स्त्रियांच्या स्टार्टअपसाठी वेगळा कार्यक्रम चालतो. पुण्याच्या पुडक्याचा थोडा अंश फिरून बायकांकडे आला म्हणायचा.

आता देशाचा हिशोब. ऑक्टोबर २०२४ अखेर सरकारमान्य स्टार्टअप होते १,५२,१३९. त्यांतल्या ७३,१५१ मध्ये किमान एक बाई संचालक. जवळजवळ निम्मे! टाळ्या वाजवायच्या आधी एक लक्षात घ्या: कागदावर संचालक असणं आणि चेकवर सही करणं यांत फरक आहे. बायकोचं नाव संचालक म्हणून घालायची पद्धत आपल्याला काही नवी नाही. कंपनी खरोखर बाई चालवते का, हे पाहायचं तर पैसा कुठे गेला ते पाहावं. सरकारच्या ‘फंड ऑफ फंड्स’मधून बळ मिळालेल्या गुंतवणूक-निधींनी तोवर स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या १४९ स्टार्टअपमध्ये ३,१०७ कोटी घातले होते. सरासरी एकीला २१ कोटी. म्हणजे पोहोचली तिला भरघोस मिळालं, पण पोहोचल्या दीडशेसुद्धा नाहीत.

तळाला उलटा देखावा. मुद्रा योजनेत २०१५ ते २०२५ या दहा वर्षांत ५२ कोटी कर्जं दिली गेली, ६८ टक्के स्त्रियांना. पस्तीस कोटींहून जास्त कर्जखाती बायकांची! सगळ्या कर्जांची मिळून सरासरी मात्र ६३ हजार. शिलाई मशीन येईल, दुकानात माल भरता येईल. प्रयोगशाळा उभी राहणार नाही. बाईला कर्ज देत नाहीत, हे आता खरं नाही. मोठं देत नाहीत, एवढंच.

मधल्या पायरीसाठी ‘स्टँड-अप इंडिया’ आली, एप्रिल २०१६ मध्ये. दहा लाख ते एक कोटीचं कर्ज. प्रत्येक बँक शाखेने किमान एका स्त्रीला आणि किमान एका दलित किंवा आदिवासी उद्योजकाला द्यायचं. देशात शाखा सव्वा लाख, म्हणजे अडीच लाख कर्जदार. शाखेमागे अख्ख्या मुदतीत फक्त दोन माणसं! सात वर्षांनंतरची बेरीज १,८०,६३६. बहुतेक स्त्रियाच, म्हणजे दलित-आदिवासींचा कोटा त्याहून रिकामा. जन्मावरून अडवलेल्याला गॅरेज भाड्याने मिळणंही सोपं नसतं. तारणाची तर बातच सोडा.

२०२५च्या अर्थसंकल्पात नवी घोषणा झाली: पहिल्यांदाच धंद्यात उतरणाऱ्या पाच लाख स्त्रिया, दलित आणि आदिवासींना पाच वर्षांत दोन कोटींपर्यंतचं कर्ज. दिवसाला २७४ मंजुऱ्या, रविवार-सुट्ट्या धरून. आधीच्या योजनेचा सात वर्षांतला वेग होता दिवसाला ७१.