खलाशांना देवचित्रांचा मान देणारा यानिस त्सारूखिस

ग्रीक चित्रकार यानिस त्सारूखिस १९१० साली पिरेअसला, अथेन्सच्या बंदरात, जन्मला. तो शाळकरी वयाचा असताना, १९२२ मध्ये, आशिया मायनरमध्ये ग्रीसचा पराभव झाला आणि लाखो निर्वासित येऊन धडकले. ग्रीकपण कशात शोधायचे, हा प्रश्न त्याच्या पिढीच्या कवी-चित्रकारांना पुढे वर्षानुवर्षे छळत राहिला.

१९२९ ते १९३५ तो अथेन्सच्या कलाशाळेत होता. पण त्याला घडवले शाळेबाहेरच्या माणसांनी. फोटिस कोंटोग्लू हा आशिया मायनरहून आलेला निर्वासित चित्रकार. बायझंटाइन देवचित्रांची रीत त्सारूखिस त्याच्या हाताखाली शिकला. दुसरे शिक्षण रस्त्यावरचे: कारागिओझिस या छायाबाहुल्यांच्या खेळासाठी सोतिरिस स्पाथारिसने रंगवलेल्या जाहिराती. १९३५ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने चित्रकार मातिसचे काम पाहिले. मला वाटते, मातिस त्याला परका वाटलाच नसावा. ते सपाट, निर्भय रंग तो घरूनच घेऊन गेला होता.

पुढे १९३८ मध्ये अथेन्सला पहिले एकल प्रदर्शन झाले, मग दुसरे महायुद्ध आले. त्याचे खरे काम मात्र खलाशी आणि शिपाई. कॉफीगृहात बसलेले, झेबेकिको नाचणारे, कधी पाठीवर फुलपाखराचे पंख लावलेले हे साधे तरुण संतांसारखे समोरासमोर, स्थिर नजरेने पाहतात. पुरुषदेहाचे सौंदर्य त्याने न लाजता रंगवले आणि त्याची किंमतही मोजली. १९५२ मध्ये अथेन्सच्या झापिओनमधल्या प्रदर्शनात खलाशी आणि नग्न पुरुष असलेल्या त्याच्या चित्रावर गहजब झाला, ते उतरवावे लागले. आज ती चित्रे पाहताना त्यांतला आदरच आधी जाणवतो.

रंगभूमीवरचे त्याचे काम जोडधंदा म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. १९५८ मध्ये डॅलसला गायिका मारिया कॅलासच्या ‘मेदेआ’ या ऑपेराचे नेपथ्य आणि वेशभूषा त्याची. पुढच्याच वर्षी कारोलोस कूनने बसवलेले अॅरिस्टोफेनिसचे ‘पक्षी’ त्याने सजवले. सरकारने पहिल्या प्रयोगानंतर त्यावर बंदी घातली. १९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा तो पॅरिसला निघून गेला. हुकूमशाही कोसळल्यावर, १९७७ मध्ये, त्याने युरिपिडिसचे ‘त्रोयाच्या स्त्रिया’ स्वतः आजच्या ग्रीकमध्ये आणले, दिग्दर्शित केले, सजवले; आणि प्रयोग केला तो प्राचीन रंगमंडल सोडून अथेन्समधल्या गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत. हरलेल्यांच्या बायकामुलांचे हाल शहराने आपल्या अंगणात पाहावेत, एवढा त्याचा आग्रह होता असे मी मानतो. १९८९ मध्ये तो गेला. अथेन्सजवळच्या मारूसीतल्या त्याच्या घरात त्याआधीच संग्रहालय सुरू झाले होते.