वसईच्या किनाऱ्यासाठी दुर्बीण

हिवाळ्याच्या प्रारंभी उत्तरेकडील शीत प्रदेशांतून आलेले चिखले, तुतवार आणि कुरव अर्नाळ्यापासून भुईगावापर्यंतच्या पुळणीवर उतरू लागले, की पुष्कळ पक्षिप्रेमी गृहस्थांच्या मनात दुर्बीण घेण्याची इच्छा उत्पन्न होते. आणि दुकानात पाऊल टाकताच बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किती पट मोठे दिसते?’ हाच असतो. या खरेदीत पैसा वाया जाण्याचे मुख्य कारण हा प्रश्नच होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुर्बिणीवर ८×४२ असा मजकूर असतो, त्यातील पहिला आकडा वर्धनाचा आणि दुसरा पुढील भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्यास पहिल्याने भागले असता डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते : ८×४२ मध्ये ती ५.२५ मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२, आणि खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये अवघी २.६. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरांपर्यंत आकसलेली असल्यामुळे हा भेद मुळीच जाणवत नाही. परंतु तुंगारेश्वर अभयारण्याच्या दाट झाडीत, उजाडता उजाडता, बाहुली विस्तारलेली असताना, लहान दुर्बिणीतून काळसर आकृतीखेरीज काही हाती लागत नाही, आणि पक्ष्याचा रंग तर तेव्हाच पाहावयाचा असतो.

अधिक वर्धनाबरोबर हाताचा कंपही वाढतो, दृष्टिक्षेत्र संकोचते, आणि खाऱ्या वाऱ्यात उभे राहून उडत्या सुरयाचा मागोवा घेणे दुष्कर होते. मिठागरांवर ऊन चढल्यावर तापलेल्या हवेची जी थरथर दिसते, तीही तितक्याच पटीने मोठी होते. सबब नवशिक्याने आठ पटींवर समाधान मानावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. अंतर कमी करण्याचे काम वेळेवर सोपवावे : वसईचा किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी राहतो, आणि भरती चढत असली तर पाण्याने मागे रेटलेले पक्षी आपण होऊन जवळ येतात. अशा प्रकाशात कुरल आणि त्याच कुळातील लहान चणीचा व्हिम्ब्रेल यांची गल्लत होत नाही; व्हिम्ब्रेलच्या माथ्यावरील गडद पट्टे आणि तुलनेने आखूड चोच आठ पटींतही स्वच्छ ओळखू येते.

आपल्या मुलखात पावसाळा ही बाब दुर्लक्षून चालत नाही. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते आणि तिचे जाळे एकदा पसरले की दुरुस्ती सोपी नसते. म्हणून नायट्रोजन भरलेली, जलरोधक दुर्बीणच घ्यावी, आणि ती चामडी पेटीत कोंडून न ठेवता सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. चष्मा वापरणाऱ्याने डोळा सुमारे १६ मिलिमीटर दूर असतानाही संपूर्ण वर्तुळ दिसते की नाही, याची खातरजमा दुकानातच, चष्मा न उतरवता, करून घ्यावी.

घरी आणल्यावर उजवा डोळा मिटून मधल्या चक्राने डाव्या डोळ्यास दूरची पाटी सुस्पष्ट करावी. मग डावा मिटून तीच पाटी उजव्या नेत्रिकेजवळच्या कड्याने स्पष्ट करावी. कड्यावरील ती खूण प्रत्येकाची निराळी असते, तेव्हा एकच दुर्बीण घरात चौघे वापरत असतील, तर ज्याने त्याने आपली खूण लक्षात ठेवावी.