आमच्या शाळेंतील ‘शारदा’ : एक परीक्षण

यंदाच्या स्नेहसंमेलनांत आमच्या विद्यार्थ्यांनीं गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ नाटकांतील चार प्रवेश करून दाखविले. टाळ्या पुष्कळ पडल्या, आणि दुसऱ्या दिवशीं कित्येक पालकांनीं ‘झकास झालें’ असें आवर्जून सांगितलें. तें ऐकून आम्हांस बरें वाटलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु ‘झकास झालें’ हें परीक्षण नव्हे. परीक्षण कशास म्हणावें हें मुलांस कळावें, आणि झाल्या प्रयोगाचा हिशेबही एकदां मांडावा, म्हणून हा लेख लिहीत आहों.

परीक्षणाचा धडा घेण्यास बुलढाणा जिल्ह्यांतील माणसानें दूर जावयास नको. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीं याच जिल्ह्यांत खामगांव व जळगांव जामोद येथें वकिली केली. ‘वीरतनय’, ‘मूकनायक’, ‘मतिविकार’ हीं त्यांचीं नाटकें आज क्वचितच कोणी करतें. त्यांचें महाराष्ट्रगीत मात्र आमच्या मुलांस पाठ आहे. पण वाङ्मयांत त्यांनीं प्रवेश केला तो परीक्षक म्हणून. ‘विक्रमशशिकला’ या नाटकावर त्यांनीं परीक्षण लिहिलें आणि मग ते स्वतः नाटकें लिहूं लागले. दुसऱ्याचें नाटक कोठें चढतें, कोठें बसतें आणि तें कां, हें ज्यानें बारकाईनें पाहिलें त्याच्या हातीं पुढें लेखणी आली. ‘कां’ हा प्रश्न सुटला कीं परीक्षणाची केवळ स्तुति होते किंवा निंदा होते.

तोच प्रश्न आपल्या प्रयोगास लावूं.

‘शारदा’ १८९९ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें. पैशाच्या लोभानें कांचनभट आपली अजाण मुलगी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथास देऊं करतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ. मुलीची आई इंदिराकाकू तळमळते, पण तिचें चालत नाहीं. पुराणांतल्या देवदैत्यांस सोडून घरांतलें दुःख रंगभूमीवर मांडणें हें त्या काळीं धाडसाचें काम होतें. शारदेची भूमिकाही तेव्हां पुरुषच करीत. आमच्या शारदेची भूमिका मुलीनें केली, आणि आवाज थोडा बारीक पडला तरी समजून केली.

सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या त्या भुजंगनाथास. नववींतल्या त्या मुलाची काठी, खोकला, कलप लावण्याची धडपड पाहून मंडप हंसून लोटपोट झाला. बालाजीच्या यात्रेंत करमणुकीचे नाना प्रकार पाहिलेले आमचे देऊळगांवकर प्रेक्षक सहसा भुलत नाहींत. त्यांनींही दाद दिली. आणि नेमका येथेंच प्रयोग बिघडला. म्हाताऱ्याच्या पाठोपाठ शारदा एकटी उभी राहते, तेव्हां मंडपांत शांतता हवी होती. प्रेक्षक मात्र अजून मागचेंच हंसूं हंसत होते. हा दोष त्या मुलीचा नाहीं, त्या मुलाचाही नाहीं. आम्हीं आठ दिवस दाढी, काठी आणि खोकला यांवर घालविले; शारदेच्या त्या उभें राहण्यास एक संध्याकाळ दिली, तीही ध्वनिवर्धकाच्या दुरुस्तीच्या गडबडींत. म्हातारा हास्यास्पद आहे हें दाखविणें सोपें. मुलीस कोणी विचारीतच नाहीं, हें दाखविणें अवघड. आम्हीं सोपें तें केलें.

तालमीच्या वेळची एक गोष्ट सांगावीशी वाटते. मूळ नाटकांत तें लग्न मोडतें तें वर आणि वधूपिता यांचें गोत्र एकच असल्याचें कोदंड ऐन वेळीं उघड करतो म्हणून. हा भाग आम्ही मुलांस समजावून देत होतों. दहावींतील एक मुलगी मागें बसून पडद्यास टांके घालीत होती. ती म्हणाली, “सर, आणि गोत्र वेगळें असतें तर?”

आम्हांस लगेच उत्तर देतां आलें नाहीं. इतकीं वर्षें नाटक वाचून, शिकवून हा प्रश्न आमच्या मनांत आला नव्हता. शारदा वांचली ती शास्त्राच्या एका अडचणीनें; ‘मला हें लग्न नको’ या तिच्या शब्दानें नव्हे. देवलांनीं हें अजाणतां केलें असें आम्हांस वाटत नाहीं. त्या काळच्या समाजांत मुलीच्या शब्दास वजन नव्हतें, गोत्रास होतें. आणि लग्न मोडल्यावरही ती मुलगी जीव द्यावयास निघते, हें त्यांनीं पुढें दाखविलेंच आहे.

येथें एक गैरसमज दूर करूं. पेपरांत दोघातिघांनीं लिहिलें कीं ‘शारदा कायदा’ या नाटकावरून पडला. तसें नाहीं. १९२९ चा तो कायदा हरविलास सारडा यांच्या आडनांवावरून ओळखला जातो. त्यानें मुलीचें वय चौदा ठरविलें. आज २००६ च्या कायद्याप्रमाणें तें अठरा आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें बावीस जणींचें लग्न अठराच्या आंत झालेलें आढळलें. तेव्हां नवरा पंचाहत्तरीचा नसतो, एवढाच फरक. तो बावीस-पंचवीस वर्षांचा, कामाधंद्याचा, चांगल्या घरचा असतो; त्याला पाहून कोणी हंसत नाहीं. सुटीनंतर वर्गांत एक जागा रिकामी दिसते, चौकशी केली कीं मैत्रिणी खालीं पाहतात.

पालकांनीं आम्हांस क्षमा करावी, पण भुजंगनाथास हंसून आपण सर्वच त्या रात्रीं थोडे स्वस्तांत सुटलों.

बाकी नेपथ्य साधेंच होतें व तें पुरलें. पेटीवाल्यानें सुरुवात वरच्या पट्टींत केल्यामुळें पहिलें पद ओढून म्हणावें लागलें. इंदिराकाकूचें काम करणाऱ्या मुलीनें नवऱ्याशीं बोलतांना एकदांही मान वर केली नाहीं. हें तिला कोणीं शिकविलें नव्हतें.

मुलांच्या आग्रहावरून हेच प्रवेश उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं पुन्हां करावयाचे ठरले आहेत. या खेपेस भुजंगनाथ गेल्यावर पडदा पडणार नाहीं, पेटी वाजणार नाहीं, आणि प्रेक्षक गप्प होईपर्यंत शारदा बोलणार नाहीं. टांके घालणाऱ्या त्या मुलीस आम्हीं तालमीस पुढच्या रांगेंत बसविलें आहे.